दोन मण्यांमधली गाठ

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात,
त्यातल्या सराफांच्या रस्त्यावर
तीन बाय चारच्या गादीवर
अठ्ठावीस वर्षं मी मणी ओवतेय.
काळी पोत, बोरमाळ, मोहनमाळ,
एकदा एका वकिलीणबाईंची मोत्यांची सातपदरी.
मान खाली, पाठ वाकडी,
दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात.
गिऱ्हाईक मला हातावरून ओळखू येतं.

डॉक्टर गिरवलकर पोरसवदा.
माझा फोटो उजेडावर धरून दाखवला:
हा चौथा, हा पाचवा,
यांच्या मागं हे बारके सांधे,
इथं झिजलंय, पटवेकर मावशी,
एकावर एक घासतायत.

मी म्हणलं, मग मधी गाठ कामून नाही मारली?
मोत्यात आम्ही दर मण्यामागं गाठ मारतो,
एकाला एक लागू देत नाही.
तुटलीच, तर एक मोती सांडतो, अख्खी माळ नाही.
ते हसले. लिहिता लिहिता थांबून परत हसले.
म्हणाले, तो कारागीर वेगळा होता.
मी फक्त तिथं थोडं औषध सोडणार.
स्टिरॉइड.

त्या शब्दानं भावजय बिथरली.
तिच्या माहेरी निलंग्याला कुणाचंतरी
तोंड सुजलं होतं म्हणे, खरबुजासारखं.
डॉक्टरांनी काही झाकलं नाही.
कुणाला सहा महिने, कुणाला सहा आठवडे,
कुणाला काहीच नाही.
साखर चार दिवस चढेल, भात आवरा.
आणि हे सारखंसारखं देता येत नाही.
मला बरं वाटलं.
मीही गिऱ्हाइकाला हेच सांगते,
दोरा आहे बाई, जन्माची बोली नाही.

आत थंडी. हिरवा झगा, पाठीकडून उघडा.
सिस्टर सवयीनं बोलली,
मंगळसूत्र काढून ठेवा, आड येतं.
बारा वर्षं झाली काढून, म्हणलं.
ती गप्प झाली, मग उगीचच
माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

पालथी झोपले. पोटाखाली उशी.
मशीनचा वाकडा हात अंगावर येऊन थांबला.
तिरक्या मानेनं पडदा दिसत होता,
माझेच मणके, एकाखाली एक ओवलेले,
दोरा मात्र कुठं दिसेना.

सुईचं मला कळतं.
घाई केली की मणी तडकतो.
तो पोरगा घाई करत नव्हता.
थोडी आत, थांबणं, पडदा बघणं, परत थोडी.
एक कळ मांडीपर्यंत गेली,
तेव्हा म्हणाला, हेच का रोजचं?
हेच, म्हणलं. हेच ते.
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा
कुणी नेमकं बोट ठेवलं.
मनात आलं, हात बरा आहे,
याला गादीवर बसवला असता.

दोन दिवस उलट जास्तच ठणकलं.
भावजय म्हणाली, बघा.
नवव्या रात्री अडीचला नळाला पाणी आलं,
सगळी गल्ली घागरी घेऊन उठली.
मला उचलायची मनाई. मी उंबऱ्यात उभी राहिले,
नुसती उभी,
आणि बऱ्याच वेळानं ध्यानात आलं
की चौकटीला हात लावलेला नाही.
दुखणं गेलं नव्हतं.
शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा
तेवढं लांब गेलं होतं.

काल दुकानात एक पोरगी पोत आखूड करायला आली.
मनगटावर तव्याचा डाग, तो ओळखीचा.
मी मान वर केली.
नाकावर तीळ होता तिच्या, डावीकडं.
हा कधी आला गं?
ती हसली, जन्मापासून आहे, मावशी.

किती द्यायचे, म्हणून तिनं दोनदा विचारलं.
दोरा अंगठ्यातून सुटून
गादीखाली गेला होता.
वाकायला मला अजून भ्या वाटतं.
तिनंच काढून दिला.